पोखर्णीला जाऊन येतो

वालूर,
२४ जानेवारी १९८२

आश्रुबा,

पोखर्णीला जाऊन येतो म्हणून निघालास त्याला दीड महिना झाला. नरसिंहाच्या दर्शनाला किती येळ लागतो रे? दोन दिवसांत माघारी येतो म्हणलास, म्हणून तिसऱ्या दिवशी मी तुमच्या दोघांच्या वाट्याच्या भाकरी थापून ठेवल्या. चौथ्या दिवशी त्या म्हशीला घातल्या. आन् आता तुझं पत्र आलं ते अमृतसरहून.

लिहितोस, आक्का, आम्ही दोघं सायकलवर जग पाहायला निघालो, चार वर्षं लागतील, तुला सांगितलं असतं तर तू निघू दिलं नसतंस. खरं हाय. नसतंच निघू दिलं. मी बारा वर्षांची होते तव्हा माय तुला माझ्या मांडीवर टाकून गेली. पुढं लग्न होऊन वर्षाच्या आत मी पांढऱ्या कपाळानं माघारी आले, तव्हा तू सहा वर्षांचा होतास आन् येशीपर्यंत पळत आला होतास. तुला मी ओढ्यापलीकडं एकट्याला जाऊ दिलं न्हाई, तर इराण-तुर्कस्तानाला कामून जाऊ देईन? पण म्हणून चोरावानी जायचं? सख्ख्या बहिणीला देवाचं नाव घेऊन फसवायचं?

आन् माझ्या पेटीवर नवं लुगडं ठेवून गेलास. जांभळं इरकली, चांगलं भारीचं. मला वाटलं सणाचं आणलं असंल. आता कळलं कशाचं होतं. ते मी घडीसकट पेटीच्या तळाला टाकलंय. तू येऊन दारात उभा राहशील तव्हाच त्याची घडी मोडीन, तवर न्हाई. मायनं माझं नाव उगं कडू ठेवलं न्हाई.

स्टँडवरल्या लिंबाजी सायकलवाल्यालाही मी सोडलं न्हाई. तुमच्या दोन्ही सायकली त्यानं जोडल्या, जादा टायर बांधून दिले, आन् मला चकार शब्द बोलला न्हाई. चार गिऱ्हाइकं बसलेली असताना त्याला जे बोलायचं ते बोलले. तो खाली मान घालून वाकड्या चाकाचा औट काढत बसला. माझं बोलून झाल्यावर म्हणतो, "चाकं चांगली बांधलीत, बाई. माघारी येतील." मी म्हणलं, चाकाचं न्हाई विचारलं मी, माणसांचं बोल. त्यावर पुन्हा चाकाला लागला.

सुला, तुला काय बोलावं. तू कॉलेज शिकलेली, नवऱ्याला चार शब्द सांगायचे तर त्याच्या संगट पायडल मारत निघालीस. तिकडं थंडी लय असंल. कान बांधून ऱ्हा.

पुढचा पत्ता म्हणून तुर्कस्तानातल्या आपल्या वकिलातीचा दिलाय, तिथं पत्र ठेवून घेतात म्हणे. तिथंच टाकायलेय. तुमी पोचायच्या आधी पत्र पोचंल. बरं हाय, आपल्या घरचं कायतरी आधी जाऊन बसलेलं असावं.

तुझी आक्का,
कडूबाई


वालूर,
९ जुलै १९८२

आश्रुबा, सुला,

पाच कार्डं आली, तीन एका दिवशी. पाकिटापरीस कार्ड स्वस्त पडतं म्हणून इथून पुढं कार्डच टाकणार म्हणतोस. टाक बाबा. पोटाला खाऊन उरंल त्यात टाक.

इराणात पोलीस चौकीत झोपलात, कुण्या बाईनं गोधडीएवढी रोटी दिली, सुलानं तिला भाकरी थापून दाखवली, समदं समजलं. मला समजायच्या आधी गावाला समजलं. सिताराम पोस्टमन कार्ड घेऊन निघतो तर त्याला वाटेत धा जण अडवतात, आश्रुबा कुठवर गेला म्हणून. तुमी गेलात तव्हा हीच माणसं म्हणत होती, लेकरूबाळ न्हाई, नोकरी न्हाई, डोस्कं फिरलं दोघांचं. आता कार्ड पाहिल्याबिगर त्यांना जेवण जात न्हाई. सिताराम बेजार झाला. शेवटी मीच म्हणलं, सिताराम, पारावर बस, सगळ्यांना एकदाच मोठ्यानं वाचून दाखव, आन् मंग मला आणून दे. माझ्या भावाच्या कार्डात लपवायसारखं काय हाय? सितारामचा आवाज चांगला हाय. मी पाराच्या मागं भिंतीला उभी राहून ऐकते. मी नाराजच हाय हे ध्यानात ठेव, पण ऐकते.

सुलाच्या मागच्या चाकाचे स्पोक तीनदा तुटले, लिंबाजीला विचारून कळव, असं लिहिलंस. आता त्याच्याशी माझं बोलणं बंद. तरी गेले. त्यानं विचारलं, कोणत्या बाजूचे तुटतात? मला काय ठाव. तर म्हणला, बसा. आन् एक चाक उलटं धरून अर्धा तास समजावून सांगत बसला. तो सांगतो ते लिहिते, नीट वाच. ओझं सगळं मागं बांधलंय, त्यातलं निम्मं पुढं घ्या. चेनच्या बाजूचे स्पोक थोडे थोडे आवळा, सगळे सारखे, एकच आवळत बसू न्हाई. मंग बोटानं वाजवून बघा. सगळ्यांचा आवाज सारखा आला पायजे. एक जरी बसक्या आवाजाचा निघाला तर त्याचा भार शेजारच्याला जातो आन् शेजारचा तुटतो.

एवढं बोलल्यावर त्याला पाणी प्यावं लागलं. बायको जाऊन आठ वर्षं झाली, तवापासून त्याला बोलायची सवय न्हाई म्हणे.

शाळेतून एक फाटका नकाशा मिळाला. आपल्या मातीच्या भिंतीला खिळा टिकत न्हाई, म्हणून तो लिंबाजीच्या दुकानात लावलाय. ट्यूबला भोक कुठं हाय त्याची खूण करायची पेन्सिल असती ना, तिनं तो तुमच्या गावांवर खुणा करतो. तुमचं तरी काय, तीन राती एका जागी टिकत न्हाई. मी पत्र पेटीत टाकस्तोवर तुमी दुसऱ्या मुलखात. मी आन् हे घर, दोघंच काय ते जागच्या जागी हाव.

ग्रीस देशाच्या पत्त्यावर टाकायलेय.

आक्का


वालूर,
१६ जानेवारी १९८३

आश्रुबा, सुला,

खुशाल हाय. तुमी दोघं दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायला जाता आन् त्याच्यावर महिनाभर राहता, हे सितारामनं वाचलं तव्हा सगळा पार हसला. इथं कापूस वेचायला बाया मिळंनात, आन् आमचा शिकलेला भाऊ बायकोसंगट परमुलखात मजुरीला. पण सुला, तू लिहिलंस की संध्याकाळी हाताला वास येतो तो चार दिवस जात न्हाई, ते मला बरं वाटलं. तेवढं एक वाक्य मी दोनदा वाचायला लावलं.

संत्र्याच्या बिया आणू नका. इथं पाणी कुठं हाय.

माझ्या गुडघ्याला जरा लागलंय. उंबऱ्याला अडकून पडले. सुलानं लगेच घाबरून जाऊ न्हाई.

परवा आपल्या रानात हुरडा केला. बटईदाराची माणसं, धुरपतामावशी, पाच-सहा जण होते. तुमचं कार्ड तेवढ्यात आलं, आन् सिताराम ते दुकानात देऊन पुढं गेला, म्हणून लिंबाजी ते घेऊन रानात आला. आल्यासारखं मंग हुरडा खाऊन गेला. कणसं चांगली भाजतो. धुरपतामावशी त्याच्याकडं एकदा आन् माझ्याकडं एकदा बघायली होती. म्हातारीला मोतीबिंदू झालाय म्हणते, पण नको ते बरोबर दिसतं तिला. तसं काय विशेष न्हाई. कार्ड आणलं होतं, एवढंच.

पुढच्या साली कुठं असताल?

आक्का


वालूर,
५ जून १९८३

आश्रुबा,

हे पत्र पाकिटात घालून, डिंक लावून, वर आणखी लोखंडी डबा ठेवून बंद केलंय. का ते वाचल्यावर कळंल.

गुडघ्याचं मी खोटं लिहिलं होतं. उंबऱ्यावर पडले न्हवते. सायकलवरून पडले. शाळेला सुट्टी असली की शाळेमागच्या मैदानात लिंबाजी मला सायकल शिकवत होता. तुमी दोघं सतरा मुलूख सायकलवर हिंडता, आन् पायडल कसं मारतात हे मला ठाव न्हाई, हे मला बोचत होतं. मीच त्याला म्हणलं शिकव म्हणून. चाळिशी उलटलेली बाई सायकल शिकती म्हणल्यावर गाव काय बोललं असंल ते मी लिहीत न्हाई, तू इथलाच हायस. आता मला ओढ्यापर्यंत चालवता येती. उतरता येत न्हाई नीट.

आता मुद्द्याचं. धुरपतामावशीच्या तोंडून लिंबाजीनं पाटाचं विचारलंय. आपल्यात विधवेचा पाट लागतो, ते काय नवं न्हाई. पण तो विचारंल असं मला वाटलं न्हवतं, आन् मला ते ऐकून राग येईल असं वाटलं होतं, तो आला न्हाई. चोवीस वर्षं मी कपाळाला कुंकू लावलं न्हाई. त्याचं मला फार वाटायचं ते पहिली धा-बारा वर्षं. पुढं तुझं शिक्षण, तुझं लग्न, त्यात राहून गेलं. तुमी गेल्यावर घरात बोलायला म्हशीशिवाय कुणी राहिलं न्हाई. तुमच्या चाकांचं विचारायला म्हणून मी त्या दुकानात जाऊन बसायले, आन् आता चाकांचं विचारायचं नसलं तरी जाते. हे मी भावाला लिहायलेय, मला लाज वाटायलीय, पण दुसऱ्या कुणाला लिहू.

माणूस सरळ हाय. पीत न्हाई. बोलत न्हाई तेवढा एक ऐब, पण माझं बोलणं दोघांना पुरतं.

मावशी म्हणती, पाट लागायचा तर भावानं दिलेलं लुगडं अंगावर लागतं. बापानं दिलेलं पहिल्या लग्नाला, भावानं दिलेलं दुसऱ्याला. भावाचं लुगडं न्हाई तर पाट न्हाई, मंग पंच बसोत का आणखी कुणी बसो. म्हणून विचारायलेय. तू हो म्हण. इथं यायची गरज न्हाई. तू हो म्हणून चार ओळी लिही, मावशी तुझ्या नावानं लुगडं आणून देईल म्हणती.

मिसर देशाच्या पत्त्यावर टाकायलेय. बंद पाकिटात उत्तर दे.

तुझी आक्का,
कडूबाई


वालूर,
२० ऑक्टोबर १९८३

आश्रुबा,

जूनपासून तुझी चार कार्डं आली. उंटाचं आलं, दगडाच्या डोंगरासारख्या थडग्यांचं आलं, सुलाला ताप येऊन उतरला त्याचं आलं. मी विचारलं त्याचं एका शब्दानं न्हाई. पत्र पोचायच्या आधी तुमी ते शहर सोडलं, का पत्र वाचून तू गप बसलास, हे मला इथं बसून कळत न्हाई. नामांतराच्या मोर्चापायी सेलूची गाडी मधे दोन दिवस बंद होती, तव्हा वाटलं त्यातच अडकलं असंल. गाडी सुरू झाली, तरी न्हाई आलं.

म्हणून पुन्हा लिहिते, थोडक्यात. लिंबाजीनं मला पाटाचं विचारलंय. माझी मर्जी हाय. तू हो म्हण. तुझ्या नावाचं लुगडं लागतं.

घाई याची की, लिंबाजी जिंतूरला चाललाय. तिथं एस.टी. स्टँडसमोर त्याला जागा मिळाली. इथं आता जो तो लुना घ्यायलाय, सायकल कुणी दुरुस्त करत न्हाई. येत्या गुढीपाडव्याला तो दुकान हलवणार. त्यानं मला घाई केली न्हाई. उलट म्हणला, तुमच्या भावाचं येऊ द्या, मी जाऊन-येऊन राहीन. पण जिंतूर कुठं, वालूर कुठं. दोन गाड्या बदलून कोण कितीदा येतं? पाडवा गेला की ते दुकान बंद, तो नकाशा उतरणार, आन् मी पुन्हा म्हशीशी बोलत बसणार. तसं बसायचं मला जिवावर आलंय. आधी येत न्हवतं.

तू मला जाताना इचारलं न्हाईस. मी तुला इचारायलेय. तेवढं ध्यानात घे.

हे सुदानच्या पत्त्यावर.

आक्का


वालूर,
८ फेब्रुवारी १९८४

आश्रुबा,

तुझं उत्तर आलं. जे आलं ते तसंच लिहून पाठवते, तुला आठवत नसंल तर:

"आक्का, खार्तुमला तुझं पत्र मिळालं. पाटाचं मी आल्यावर बघू. अजून दीड-दोन वर्षं. तोवर घर सोडू नको. आम्ही मजेत. काल जिराफ पाहिले."

हे तू कार्डावर लिहिलंस. उघड्या कार्डावर.

सिताराम पारावर उभा राहून नेहमीच्या आवाजात वाचायला लागला. वीसेक माणसं होती. बाजाराचा दिवस होता, त्यामुळं परगावचीही होती. तो "पाटाचं" म्हणेपर्यंत वाचून गेला आन् मंग थांबला. बिचाऱ्याचा चेहरा एवढाएवढा झाला. कुणी म्हणलं, वाच की पुढं. मी भिंतीमागं होते. मला पळून जाता आलं असतं. पण मीच त्याला मोठ्यानं वाच म्हणून सांगितलं होतं दीड वर्षामागं, भावाच्या कार्डात लपवायसारखं काय हाय म्हणून. माझा दोष. मी समोर आले आन् म्हणलं, वाच सिताराम, जिराफापर्यंत वाच.

त्यानं वाचलं. कार्ड आडवं केलं आन् कडेला बारीक अक्षरात होतं तेही वाचलं. ते तुझ्या अक्षरात न्हवतं. "आक्का, माझं ऐका, थांबू नका. सुला."

पारावर कुणी हसलं न्हाई. मला वाटलं होतं हसतील.

चार दिवस मी घराबाहेर पडले न्हाई. तुझा राग आला होता, एवढा की तुझं लहानपणीचं अंगडं ठेवलंय ते चुलीत घालावं वाटलं. घातलं न्हाई. कार्ड स्वस्त पडतं म्हणून तू टाकलंस, मला ठाव हाय, तुमी दोन्ही येळचं जेवणही गुरुद्वारात जेवता. पण एकदा पाकीट टाकायचं होतं. एकदा.

पाचव्या दिवशी लिंबाजी दारात आला. आजवर तो कधी दारात आला न्हवता. बाहेरच उभा राहून म्हणला, "गावाला कळलं ते बरं झालं. आता लपवायचं काय न्हाई. तुमी न्हाई म्हणलं तरी मी उद्या पारावरून मान वर करूनच जाणार." मंग म्हणला, "न्हाई म्हणू नका."

त्याच्या तोंडून एवढं एका दमात ऐकलं न्हवतं. तुझं हो न्हाई, लुगडं न्हाई, मी काय उत्तर देऊ. चहा दिला.

आता तुझ्याशी बोलते. तू आल्यावर बघू म्हणतोस. आश्रुबा, तू आल्यावर काय बघणार? मुलगा बघायला जाणार? मी त्रेचाळीस वर्षांची हाय. तू येशील तव्हा पंचेचाळीस. घर सोडू नको म्हणतोस ते कामून म्हणतोस, मला समजतं. तू वीस मुलूख बिनघोर हिंडतोस ते वालूरात आक्का दार उघडं ठेवून बसलीय म्हणून. सहा वर्षांचा होतास तव्हाही तसाच होतास. पोरांसंगट खेळायला जायचास, आन् मधूनच घरी पळत येऊन मी हाय का बघून जायचास. बघून झालं की पुन्हा खेळायला. मला त्या वक्ताला ते लय आवडायचं.

आता न्हाई आवडत. एवढंच लिहायचं होतं.

सुला, तुझी ती ओळ मी कापून पेटीत ठेवलीय. कार्डाला भोक पडलंय, पडू दे.

आक्का


जिंतूर,
६ एप्रिल १९८४

आश्रुबा, सुला,

वर गावाचं नाव बघून थांबला असताल. सांगते.

पाडव्याच्या आधी आठ दिवस मी घर सारवायला काढलं. पेटी उन्हात ठेवायची म्हणून रिकामी केली, तर सुलाची ती ओळ ठेवली होती ती सापडंना. कपडे एक-एक झटकत तळापर्यंत गेले. तळाला तुझं लुगडं. जांभळं, घडी तशीच, दुकानाचा कागद सुदिक तसाच. चिठ्ठी त्याच्या घडीत जाऊन बसली होती.

मी लुगडं मांडीवर घेऊन तिथंच उन्हात बसले. नऊ-धा महिने मी भावाचं लुगडं पायजे, भावाचं लुगडं पायजे म्हणून देशोदेशी पत्रं टाकली, आन् ते माझ्याच पेटीत दोन वर्षांपासून होतं. तूच ठेवून गेलेलं. मी त्याला तुझ्या पळून जाण्याची लाच समजून तळाला दाबलं होतं, म्हणून मला ते लुगडं वाटतच न्हवतं. मावशीला नेऊन दाखवलं. म्हणलं, हे चालंल का? भावानं दिलंय, पण वेगळ्या कामाला दिलंय. मावशीनं काठावरून हात फिरवला आन् म्हणली, "भावानं दिलं का? आपल्या हातानं दिलं का? मंग झालं. कशाला दिलं ते लुगड्याला कुठं ठाव असतं."

तरी मला दोन दिवस घडी मोडवंना. तू दारात उभा राहशील तव्हाच मोडीन म्हणलं होतं ना. सकाळी उठून दाराकडं बघायची, दारात कुणी न्हाई. मंग मनाशी म्हणलं, कडे, दोन वर्षं झाली तू दाराकडंच बघायलीस. आन् मोडली.

पाट लागला. पाटाला वाजंत्री नसती, मांडव नसतो, सवाष्णी येत न्हाईत, तुला ठाव हाय. पण सिताराम आला. बायकोलाही घेऊन आला, ती सवाष्ण असून आली, म्हणली, कार्ड आमच्या घरातल्या माणसानं वाचलं, आता पुढचं बघायलाही आमीच. कपाळाला कुंकू लावलं तव्हा मला वाटलं होतं मी रडीन. रडले न्हाई. खाजलं. चोवीस-पंचवीस वर्षांत कातडीला सवय राहिली न्हाई.

दुसऱ्या दिवशी यांना म्हणलं, माझ्या भावानं एक काम सांगून ठेवलंय, ते अर्धं राहिलंय, आधी ते करू. सायकल एस.टी.च्या टपावर टाकली, परभणीला उतरलो, आन् तिथून पुढं सायकलवर. ते पुढं, मी मागं कॅरेजवर. मधे रस्ता मोकळा लागला तिथं मी चालवली, ते मागं बसले. एक बैलगाडीवाला बघून गाडी थांबवूनच बसला. मी तुझं लुगडं नेसले होते, काठाला चेनचं काळं लागलंय, ते निघायचं न्हाई.

पोखर्णीला जाऊन आलो. नरसिंहापुढं तुमच्या दोघांच्या नावानं नारळ फोडला. देवाला सांगितलं, दोन वर्षांमागं दोघं जण तुझ्याकडं येतो म्हणून निघाले होते, ते आले न्हाईत, त्यांच्या बदल्यात आमी आलो, रागावू नको. माझाही राग तिथंच ठेवून आले. थोडा उरलाय, तो तू आल्यावर बघू.

आता नीट ऐक. वालूरचं घर बंद हाय. किल्ली धुरपतामावशीकडं. म्हैस तिच्याच दावणीला. घर तुमचंच हाय, कव्हाही या, कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं. पण आत मी नसेन. मला भेटायचं असंल तर सेलूवरून पुढं यावं लागंल. एवढे मुलूख हिंडलात, जिंतूर काय तुमाला लांब न्हाई.

नकाशा इथल्या दुकानात लावलाय. इथल्या भिंतीला खिळा बसतो. यांनी काल टांझानियावर खूण केली, आन् ट्यूबच्या त्याच पेन्सिलीनं आणखी एक खूण वर आपल्याकडं केली. मी विचारलं ही कशाची. म्हणले, तुमी हलल्या ना वालूरातून, लिहून ठेवायला पायजे.

सुला, तुझ्या मागच्या चाकाचं ते विचारायलेत. कळव. आन् आश्रुबा, कळवताना बंद पाकिटात कळव. पत्ता खाली लिहिलाय.

कडूबाई,
लिंबाजी सायकल दुकान,
एस.टी. स्टँडसमोर,
जिंतूर, जि. परभणी